कोंबडा खाली ठेवू नकोस, मास्तर

— अरे अरे अरे, खाली ठेवू नकोस त्याला! हातातच धर. पाय धर, पाय — पंख नको, पंख धरलेस की आणखी ओरडतो मेला. हां, अस्सं. आता इकडं ये, या भिंतीशी बस, म्हणजे रस्त्यावरून दिसायचा नाहीस. बसलास? आता मला सांग, आलास कुठल्या रस्त्यानं? नदीकडनं आलास की गिरणीवरनं? — गिरणीवरनं. हा असा कोंबडा काखोटीला मारून, भर दुपारी, बाजाराच्या दिवशी, गिरणीवरनं. आणि रांगेत बायका होत्या? — होत्याच, विचारते काय मी, आज नसतील तर कधी असतील. आणि तू सगळ्यांना हात केलास. केलास ना? हसून? — देवा, देवा. थांब, मला जरा टेकू दे.

नाही रे, चुकलं काही नाही. म्हणजे, तुझ्या बाजूनं काही चुकलं नाही. उद्या तुझी गाडी येणार, तू तुझ्या आयर्लंडला जाणार, राहायला हेडमास्तरांकडे असलास तरी वर्षभर जेवलास या घरात, म्हणून आपला आभाराला एक कोंबडा घेऊन आलास — असंच ना? कळतं मला. तुमच्याकडे कोंबडा म्हणजे कोंबडा. कापायचा, शिजवायचा, खायचा. आमच्याकडे तसं नाही. ज्या घरात लग्नाची मुलगी आहे त्या घरात एखादा बिनलग्नाचा पुरुष जिवंत कोंबडा घेऊन आला, की त्याचा अर्थ एकच. मुलाकडून कोंबडा येतो, मुलीकडून कोंबडी जाते, मध्ये मुलीचा मामा बसतो, झालं, ठरलं. मागणी घातलीस तू, मास्तर. माझ्या तवीनाला. गावासमोर. — हसू नकोस. म्हणजे हस, पण हळू हस, ती आत तूर पाखडतेय, ऐकेल.

आणि असा चेहराही करू नकोस. तुला कोणी धरून ठेवत नाही. पण तुला वाटतंय की आज कोंबडा आणला म्हणून आजच काहीतरी झालं — तसं नाही, बाळा. गाव तुला माझा जावई धरून चाललंय त्याला कितीतरी दिवस झाले. — हो. — अरे हळू! सुटेल तो!

कधीपासून म्हणजे, तू विटा थापायला बसलास तेव्हापासून. त्याच्या आधीपासून म्हण हवं तर. तू आलास तेव्हा काय होतं इथं? काही नव्हतं. वादळानं डोंगर खाली आणला होता. शाळेचं छप्पर चर्चच्या अंगणात, चर्चचे बाक नदीत, आणि शाळेची सगळी पोरं त्या एका निळ्या तंबूत कोंबलेली. परदेशी लोक येत होते, नाही असं नाही — यायचे, पोरांना कडेवर घ्यायचे, फोटो काढायचे, रडायचे, निघून जायचे. तूही तसलाच असशील असं वाटलं. पांढराफटक, नाकाची साल निघालेली, पाठीवर स्वतःपेक्षा मोठी पिशवी. मी म्हटलं, हा शुक्रवारपर्यंत टिकायचा नाही. आणि पहिल्या दिवशी पोरं गप्प बसावीत म्हणून तू टाळ्या वाजवल्यास! आमच्या शाळेत टाळ्या कधी वाजवतात? कुणाचं उत्तर बरोबर आलं की. पोरांना वाटलं, आपल्यापैकी कुणीतरी हुशारी केली. त्यांनीही वाजवल्या. तू आणखी जोरात, तर ती आणखी जोरात. तू हात वर करून ओरडतोयस, ती हात वर करून ओरडतायत. मी बाहेर लापशी ढवळत होते, हसून हसून हातातली पळी पडली. नवरा गेल्यानंतर पहिल्यांदा हसले मी ते त्या दिवशी. हे तुला सांगितलं नव्हतं. आता सांगितलं. मग तवीना तंबूत शिरली, तुझ्या शेजारी उभी राहिली आणि पोरांना म्हणाली, 'मास्तर गप्प बसा म्हणतायत, गाढवांनो.' बसली सगळी गप्प. तेव्हापासून तू बोलायचास आणि ती पोरांना समजावून सांगायची. तुझं नाव रोरी, आमच्या चिचेवा बोलणाऱ्या जिभेला र काय नि ल काय, पोरांनी तुझा लोली केला, आणि तू मुकाट्यानं ओ द्यायला लागलास. तेव्हाच गावाला तू आवडलास, खरं सांगायचं तर.

मग एका शनिवारी तू आलास आणि मला आई म्हणून हाक मारून म्हणालास, अमायी, तुमचं घर बांधायला मी हात लावतो. मी म्हटलं, पोरगं बोलतंय, बोलू दे. तर पुढच्या शनिवारी हा गुडघ्याएवढ्या चिखलात! आणि विटा कसल्या, बाई, एकेक वीट मधे फुगलेली, पावासारखी. आमच्या वीटभट्टीवाल्यानं कपाळावर हात मारला. पण तू सोडलं नाहीस. सोडलं असतंस तर आज हा कोंबडा नुसता कोंबडाच राहिला असता. तुला आमची रीत ठाऊक नाही. आमच्यात मुलगी नांदायला जात नाही, मुलगा सासुरवाडीला येतो. आणि येतो म्हणजे पाय पसरून बसायला येत नाही. सासूच्या शेतात राबतो, बायकोला घर बांधतो, आणि गाव कडेनं उभं राहून बघतं — भिंत सरळ आहे का, पोरगा उन्हात टिकतो का, कामाला शिव्या घालतो का. असा जो बाहेरून येऊन घर बांधतो ना, तो मकामविनी. आमचा घरजावई.

हां. कसा चमकलास बघ. ओळखीचा शब्द आहे ना? हापशावरच्या बायका तुला हाक मारायच्या, 'ए मकामविनी, पाणी पिऊन जा!' आणि तू माझ्याकडे येऊन विचारलंस, अमायी, मकामविनी म्हणजे काय? आणि मी काय सांगितलं? मी सांगितलं, मकामविनी म्हणजे मेहनती माणूस. — आता ते अगदीच काही खोटं नाही. घरजावई मेहनती नसला तर त्याला ठेवतो कोण? पण मला काय ठाऊक तू तो शब्द एवढा मनावर घेशील! पालकांची सभा भरलेली, पुढं गावप्रमुख बसलेले, हेडमास्तर बसलेले, गिरणीवाला कामवेंदो त्याची लाल टोपी घालून बसलेला, आणि तू उभा राहिलास, छातीवर हात ठेवलास आणि म्हणालास, 'मला पाहुणा म्हणू नका. मी तुमचा मकामविनी आहे!' अरे, बायकांनी जो लुलुलुलु केला, डोंगरापलीकडं ऐकू गेला असेल. माझा भाऊ डिकीसोनी, म्हणजे तवीनाचा मामा, तो तर उठून नाचलाच. तुला वाटलं, भाषण झकास झालं. झालंच म्हणा झकास. मी आपली पदर — हा माझा चितेंजे — तोंडात कोंबून बसले होते.

का नाही सांगितलं? — हे तू विचारणार, मला ठाऊकच होतं. सांगणार होते रे. देवाशपथ, त्याच संध्याकाळी सांगणार होते. पण सभा सुटताना मी कामवेंदोचं तोंड बघितलं. असं आंबट झालं होतं, लिंबू चावल्यासारखं. आणि मी म्हटलं, थांब बाई, इतक्यात नको सांगूस. — तू त्याला ओळखतोस, रोज तुला 'हाऊ आर यू' करतो तो. चांगला माणूस आहे, कोण नाही म्हणतंय? दोन बायका आहेत, दोघींच्या अंगावर कपडे बरे असतात. पण त्या वादळाच्या पुरात सगळ्या गावाचा मका वाहून गेला आणि ह्याची गिरणी राहिली उंचावर, कोरडी ठणठणीत. मग याचं सुरू झालं. आधी माझ्या दारात मक्याचं पोतं आलं, न मागता. मग मीठ. मग साबण. मग तो स्वतःच आला, टोपी काढून बसला आणि म्हणाला, घरात पुरुष नाही, मुलगी मोठी झाली, काळजी करू नका, मी बघून घेतो. बघून घेतो! एतेलीनालासुद्धा त्यानं असंच बघून घेतलं. एतेलीना, त्याची दुसरी — गिरणीत पीठ झाडत असते बघ, भुवयांसकट पांढरी झालेली. ती पोरगी तवीनाच्या वर्गात होती, मास्तर. तवीना दुसरी यायची, ही पहिली. कविता म्हणायला लागली की निरीक्षकसाहेब चहा विसरायचे. आता मी दळण घेऊन गेले की ती मला तवीनाबद्दल विचारते — काय वाचते, कुठलं पुस्तक, किती पानं झाली — आणि मला तिच्याकडे बघवत नाही. आणि माझ्या तवीनाला मास्तरकीच्या कॉलेजात जागा मिळालीये. जानेवारीत जाणार ती. या घरातनं कॉलेजात गेलेलं कुणी नाही, या आळीतनं नाही. मी नाही म्हटलं असतं कामवेंदोला तर? विधवेच्या 'नाही'ला कोण विचारतं! मामा? डिकीसोनीला भाचजावई पाहिजे, कुठलाही चालेल, बसायला खुर्ची आणि जेवायला कोंबडी मिळाली की झालं.

पण त्या सभेनंतर कामवेंदो आला नाही. पोतंही आलं नाही. दुसऱ्यानं बांधायला घेतलेल्या घरात आमच्याकडं कुणी पाय घालत नाही. तू भिंत चढवत होतास आणि मला झोप लागायला लागली होती. कळतंय का तुला? तुझ्या त्या फुगलेल्या विटांच्या मागं आम्ही दोघी लपलो होतो. म्हणून नाही सांगितलं. लबाड आहे मी. म्हण लबाड. मला राग नाही यायचा.

आणि आणखी एक — हे तर सांगणारच नव्हते. आधीचं घर तवीनाच्या बापानं बांधलं होतं. तोही असाच आला होता, पलीकडच्या खोऱ्यातून, मकामविनी म्हणून. विटा त्याच्याही पहिल्या वाकड्याच होत्या, माझी आई महिनाभर हसत होती. डोंगर खाली आला तेव्हा आम्ही दोघी चर्चकडं पळालो, तो म्हणाला, शेळ्या सोडून येतो. शेळ्या आल्या. घर आणि तो एकदमच गेले. आणि मग त्याच जागेवर कुणीतरी शीळ घालत विटा थापतंय, आमची गाणी चुकीच्या शब्दांनी म्हणतंय, भूक लागली की 'अमायी' म्हणून हाक मारतंय... मला बरं वाटायचं. नुसतं बरं वाटायचं, एवढंच. — नाही नाही, डोळ्यात धूळ गेली. पंख फडफडवतोय ना तो तुझा. घट्ट धर म्हटलं ना!

आता ऐक. नीट ऐक, गिरणीवरच्या बायका दळण टाकून इकडं येतच असतील. उद्या तू गेलास की परवा कामवेंदो दारात. याच्यात बदल नाही. मास्तर आला, मास्तर गेला, गाव विसरलं. पण आज जर तू हा कोंबडा मला दिलास, आणि मी तुला एक कोंबडी दिली, आणि ती काखेत धरून तू त्याच रस्त्यानं, गिरणीवरनं, रमतगमत, सगळ्यांना हात करत गेलास — तर तवीना ठरलेली झाली. ठरलेल्या मुलीकडं कोण बघणार? — अरे लग्न नाही लागत त्यानं! घाबरतोस काय! मामा बसला नाही, तुझ्याकडचं कुणी आलं नाही, चर्च नाही, केक नाही, लग्न कुठलं? नुसती बोलवा होते. मला बोलवाच पाहिजे. तू आपला तिकडं जा, बटाटे खा, तिकडची एखादी तांबड्या केसांची कर, डझनभर पोरं होऊ देत, आमची काही हरकत नाही. इथं मी सांगेन, आमचा लोली घरासाठी पैसे साठवतोय. पुढच्या वर्षी सांगेन, त्याची आई आजारी आहे — माफ कर हं, तुझी आई धडधाकट राहो — त्याच्या पुढच्या वर्षी सांगेन, विमानं बंद आहेत. तोवर पोरगी कॉलेजातनं बाहेर, हाताला नोकरी. मग एक दिवस मी दारात बसून गळा काढेन, मेला फसवून गेला हो माझ्या पोरीला! छान रडते मी, तू ऐकलं नाहीस. गाव चार दिवस तुला शिव्या देईल, पण त्या तुझ्या गावी थोड्याच ऐकू येणार? खोट्या जावयाचं हेच तर सुख आहे, तो गेला तर कुणाला खरं रडावं लागत नाही.

— काय म्हणालास? — पुन्हा म्हण. हळू म्हण, घाई केलीस की तुझं चिचेवा उलटंपालटं होतं. — तवीनानं सांगितलं? काय सांगितलं तवीनानं? — कोंबडा आणायला? आणि यायचं कुठल्या रस्त्यानं, तेही तिनंच? गिरणीवरनं. हळूहळू. हात करत. — अगं बाई. अगं बाई, बाई, बाई! म्हणजे हीच युक्ती! कामवेंदोसाठी! आणि मी मघापासून घसा कोरडा करून तुला शिकवतेय! थांब, हसू दे मला, पोटात दुखायला लागलं. बघितलंस कुणाची मुलगी आहे? बापाची नाही हं ही अक्कल, बाप बिचारा साधा होता, त्याला शेळीसुद्धा फसवायची. माझी आहे ती, माझी!

थांब. थांब थांब. मग मकामविनीचा अर्थ? तोही तिनंच —? कधी? — सभेच्याच दिवशी. घरी येताना. म्हणजे... छप्पर तू सभेनंतर घातलंस. शेतात सऱ्या पाडल्यास, त्याही नंतर. पाठीची सालटी निघाली होती तुझ्या तेव्हा, मी तेल लावायला दिलं होतं. आणि तुला सगळं ठाऊक होतं! बायका लुलुलु करायच्या आणि तू माझ्याकडं बघून असं भोळं तोंड करायचास, आणि मी मनात म्हणायची, बिचारं पोर, याला काही म्हणजे काही कळत नाही! अरे लबाडा! तूही लबाड, तीही लबाड, आणि मी आपली समजत होते की या घरात मी एकटीच!

बरं, चांगलंच झालं. समजावण्याचं काम वाचलं. म्हणजे ती म्हणाली, हे सगळं नाटक आहे, कामवेंदोला घालवायला, आणि तू म्हणालास, ठीक आहे. संपलं. — हो ना? — तसंच ना, मास्तर? — अरे, मान तरी हलव. हो म्हण नाहीतर नाही म्हण. कान का लाल झालेत तुझे? ऊन कुठंय इथं, सावलीत बसलायस तू. — हे बघ. हे बघ, मला असलं काही चालायचं नाही, आत्ताच सांगते. पोरगी कॉलेजात जाणार. तिथं पुस्तक उघडं टाकून वर आभाळात विमानं बघत बसली म्हणजे? तू चांगला आहेस रे. तू चांगला नाहीस असं मी कधी म्हटलं? पण तू जाणार. चांगला होता तो शेळ्या सोडायला गेला, तूही जाणार. मला खोटा जावई पाहिजे होता. खोटा! खरा मला झेपायचा नाही. — नाही, तू बोलू नकोस आता. परत येईन असं तर मुळीच म्हणू नकोस. मी तिलाच विचारते. तुझ्यासारखे तिचे कान लाल होत नाहीत, तोंडावरची रेषा हलत नाही तिच्या, पण मी आई आहे तिची, मला कळेल.

तवीना! ए तवीना! ठेव ते सूप आणि बाहेर ये. ऐकलंस ना सगळं? ऐकलंच असशील, पाखडायचा आवाज कधीचा थांबलाय तुझा. मास्तर कोंबडा घेऊन आलेत. आता आपल्याकडनं एक कोंबडी आण, कुठलीही आण — ती मागची लंगडी आण, अंडी देत नाही काही नाही, नाटकाला तेवढी पुरे झाली. — आलीस? इतक्यात? आधीच धरून ठेवली होतीस वाटतं —

अगं, ही कशाला?

ही तांबडी कशाला, तवीना? ही अंड्यावरची आहे. पुरातून वाचलेली ही एकच. बापाच्या हातचे दाणे खाल्लेली म्हणून तू मलासुद्धा हिला हात लावू देत नाहीस, सणाला मी सुरी काढली होती तर माझ्याशी बोलली नव्हतीस — आणि पाय धुतलेस तिचे? नव्या चितेंजेत गुंडाळलीस? तो तर तू कॉलेजात जाताना नेसायला — अगं, दाखवायलाच तर द्यायची होती, लंगडी चालली असती की, कुणाला काय कळणार होतं, लंगडी चालली —

— घे, मास्तर. दोन्ही हातांनी घे. कोंबडा राहू दे इथं. नाही, काही बोलू नकोस. तूही बोलू नकोस गं. जा आता. जा म्हणते ना.